मैदानाच्या कडेवरून : लिलाव आणि ऋण

वृत्तपत्राचे क्रीडापृष्ठ वाचण्याची आमची एक जुनी रीत आहे. इतर लोक ते वरून खाली वाचतात. आम्ही खालून वर वाचतो. वरच्या भागात कोणत्या खेळाडूस किती कोटींस घेतले, कोणता संघनायक कोणत्या संघात गेला, कोणाच्या गुडघ्याची काय अवस्था आहे, हा मजकूर ठळक टाइपात असतो. अगदी तळाशी, जाहिरातीतून उरलेल्या जागेत, चार ओळींची एखादी बातमी अंग चोरून बसलेली असते : अमुक महाविद्यालयाने आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत तमुक महाविद्यालयास हरविले. गुण कधी दिलेले असतात, कधी नसतात. खेळणाऱ्या मुलांची नावे तर बहुधा नसतातच. या वरच्या आणि खालच्या बातमीचे परस्परांशी नाते काय, आणि त्या नात्यात देणेकरी कोण व घेणेकरी कोण, याचा हिशेब या महिन्यात मांडावा असे आम्ही योजिले आहे.

वरची बातमी आम्हां पनवेलकरांस आता दूरची राहिलेली नाही. हार्बर मार्गाच्या गाडीने पनवेल सोडले की सहावे स्थानक नेरूळ. तेथल्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २००८ साली आयपीएलच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना झाला. ४ मार्च २०२३ रोजी स्त्रियांच्या प्रीमियर लीगचा आरंभ तेथेच झाला. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तोही तेथेच. त्या रात्री पनवेलच्या किती घरांतून आजी आणि नात एकाच दूरचित्रवाणीसमोर बारा वाजून गेले तरी जाग्या होत्या, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच सांगावे.

खालची बातमी तर त्याहूनही जवळची. तिच्यासाठी गाडीत बसावे लागत नाही. महात्मा फुले महाविद्यालय आमच्या गावातच आहे. चांगू काना ठाकूर महाविद्यालय खांदा वसाहतीत आहे. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचे असल्यामुळे पनवेलच्या एखाद्या मुलास विद्यापीठाच्या संघात शिरावयाचे तर पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलांशी झगडावे लागते. प्रथम आपल्या महाविद्यालयाचा संघ, मग विभागीय सामने, मग विद्यापीठाचा निवडक संघ, त्यानंतर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि शेवटी अखिल भारतीय स्पर्धा, अशी ही पायऱ्यांची चढण आहे. इतकी कठीण वाट चढणाऱ्या मुलांचा सामना पाहावयास किती माणसे असतात? दोन्ही संघांचे क्रीडाशिक्षक, पाचपंचवीस मित्रमैत्रिणी आणि सायकलवरून जाता जाता थांबलेला एखादा चहावाला.

या विषयाकडे आम्ही आताच वळण्यास एक निमित्त झाले आहे. नवीन पनवेलच्या एका वाचकभगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांची मुलगी शाळेत खो-खो खेळते. जिल्ह्याच्या संघापर्यंत पोहोचली होती. आता दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन तिने अकरावीच्या शास्त्र शाखेत प्रवेश घ्यावयाचा आहे. ज्या महाविद्यालयाचा विचार चालू आहे तेथे शिकवणीचा वर्ग महाविद्यालयालाच जोडलेला असून सकाळी सातपासून सायंकाळी पाचपर्यंत अभ्यासच अभ्यास आहे. मैदान नाही. मुलीचे वडील म्हणतात, दोन वर्षे खेळ बंद ठेवू, पुढचे पुढे पाहू. सासूबाई, ज्या स्वतः लहानपणी परकर खोचून खो-खो खेळल्या आहेत, म्हणतात, पोरीचे पाय बांधू नका. पत्राचा शेवट असा आहे : हल्ली खेळात पुष्कळ पैसा आला आहे म्हणतात; खो-खोत मुलीला पुढे काही असेल तर चालू ठेवतो, नसेल तर सोडवतो; आपले मत कळवावे.

मत आम्ही कळविणारच आहोत. परंतु ‘असेल तर’ आणि ‘नसेल तर’ या दोन शब्दांपाशी आम्ही बराच वेळ थबकलो. ते एका घराचे शब्द नाहीत. आपल्या साऱ्या सुशिक्षित वर्गाचे आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी हाच वर्ग खेळातल्या पैशास नाके मुरडीत असे. आज तोच पैसा नसेल तर खेळच नको म्हणतो. या दोन्ही टोकांच्या मधोमध काही जागा आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

पहिले टोक आधी घेऊ. ‘धंदेवाईक खेळाडू’ हा शब्द आपल्या घरांतून दीर्घ काळ थोडा खालच्या सुरात उच्चारला जात असे. खेळ हा हौसेसाठी. त्याचे पैसे घेणे म्हणजे त्यास बाट लावणे. हे सोवळे आपण इंग्रजांकडून घेतले. इंग्लंडात हौशी खेळाडूंस ‘सभ्य गृहस्थ’ आणि वेतन घेणाऱ्यांस नुसते ‘खेळाडू’ म्हणत; मैदानावर येण्याची दारेसुद्धा निराळी असत. १९६२ साली त्या देशाने हा भेद मोडून टाकिला. परंतु सोवळ्याची सवय असलेल्या आपल्या समाजास तो फार आवडला होता, हे नाकारता येणार नाही.

या सोवळ्याची किंमत कोणी दिली, ते पाहण्यास पुण्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. पाळवणकर बाळू हे त्या काळचे भारतातले श्रेष्ठ मंदगती गोलंदाज. जातीने चर्मकार. युरोपियनांच्या पूना क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत आणि सरावासाठी साहेबांस चेंडू टाकीत. हिंदूंच्या संघाने त्यांस खेळावयास घेतले खरे, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे नायकत्व त्यांस कधी मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांस ते मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. बाळूंनी पैशासाठी खेळू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणास होता? ज्याच्या घरी पोटाची सोय आहे त्यालाच निव्वळ हौस परवडते.

त्याच पुण्यात प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि मैदानावर महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व करीत. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नायकत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. त्यानंतर तो महाराष्ट्राच्या संघास आजवर पुन्हा जिंकता आलेला नाही. १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढिली. देवधरांविषयी आम्हांस अपार आदर आहे. त्यांची हौस खरी होती, कष्टही खरे होते. परंतु त्या हौसेच्या पाठीशी महाविद्यालयाचे वेतन होते, आणि बाळूंच्या पाठीशी काहीच नव्हते, एवढे स्मरणात ठेवले म्हणजे ‘धंदेवाईक’ हा शब्द तोंडातून जपून बाहेर पडेल.

म्हणून लिलावांविषयी आमची तक्रार नाही. शेतकऱ्याचा किंवा गिरणीकामगाराचा मुलगा कबड्डीवर घर बांधतो, हे आम्हांस शुभच वाटते. प्रो-कबड्डीचा पहिला लिलाव २०१४ साली झाला तेव्हा सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर १२ लाख ८० हजारांची लागली आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. २०२३ साली पवन सेहरावत याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. क्रिकेटच्या आकड्यांपुढे हे काहीच नव्हे. पण ज्या खेळास मातीचे अंगण आणि निधडी छाती यांवाचून दुसरे भांडवल लागत नाही, त्यास नऊ वर्षांत एवढे मोल यावे यात आनंद मानण्यासारखेच आहे. १ मार्च २०२४ रोजी नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदार याच्या नायकत्वाखाली पुणेरी पलटणने हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून विजेतेपद मिळविले, तेव्हा आम्हीही घरात खुर्चीवरून उठून उभे राहिलो होतो.

आता दुसरे टोक. लिलावात उभा राहणारा खेळाडू आकाशातून पडत नाही. त्यास कोणीतरी प्रथम हाताशी धरिलेले असते. आणि ते हात पुष्कळदा शाळेचे, गावच्या मंडळाचे किंवा महाविद्यालयाचे असतात. कधी कधी तर हे हाताशी धरणे निव्वळ योगायोगाने घडते. अजित वाडेकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते, त्यांस अभियंता व्हावयाचे होते. बसने जाताना त्यांच्याबरोबर महाविद्यालयातले वरच्या वर्गातले बाळू गुप्ते असत. गुप्त्यांनी एके दिवशी सहज विचारिले, आमच्या संघात बारावा गडी म्हणून येतोस का? दिवसाला तीन रुपये मिळतात. तीन रुपये ही त्या काळी विद्यार्थ्यास लहान रक्कम नव्हती. वाडेकर गेले. पुढे १९७१ साली त्यांच्याच नायकत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत जाऊन प्रथमच मालिका जिंकल्या. त्या एल्फिन्स्टन महाविद्यालयास संघच नसता, किंवा बाराव्या गड्यास तीन रुपये देण्याची सोय नसती, तर आपणांस कदाचित एक चांगला अभियंता मिळाला असता. कर्णधार मात्र मिळाला नसता.

परंतु महाविद्यालयाने खेळाडूसाठी काय करावे याचा खरा कित्ता कोल्हापुरास सापडतो. खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते शिकत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तर पैसा कोठून आणावा हा प्रश्न पडला. गावकऱ्यांनी वर्गणी काढिली, तरी पुरेना. तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांस गहाण टाकिले आणि विद्यार्थ्यास पाठविले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर लोकांनी शेकडो बैलगाड्यांची मिरवणूक काढिली. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? त्यांनी कुस्त्यांचे फड लाविले, त्यात मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडिले आणि घर सोडविले.

वाचकांनी या गोष्टीत दोन व्यवहार पाहावेत. पदक मिळेल की नाही हे ठाऊक नसताना एका शिक्षकाने घर पणास लाविले, हा पहिला. आणि पदक मिळाल्यावर खेळाडूने आखाड्यात पैसे मिळवून, म्हणजे आपल्या भाषेत ‘धंदेवाईक’ होऊन, ते ऋण फेडिले, हा दुसरा. महाविद्यालयीन खेळ आणि व्यावसायिक खेळ यांचे नाते याहून स्वच्छ शब्दांत मांडता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आज पहिला व्यवहार क्वचित् का होईना, चालू आहे. स्वतःच्या खिशातून मुलांच्या प्रवासाचे भाडे भरणारे क्रीडाशिक्षक आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. दुसरा व्यवहार मात्र खंडित झाला आहे. संघमालक खेळाडूस पैसे देतो, ते योग्यच. पण ज्या गावच्या मंडळाने त्यास आठ वर्षे खेळविले, ज्या महाविद्यालयाने त्यास विद्यापीठाच्या संघापर्यंत नेले, त्यांच्या हाती काय पडते? अभिनंदनाचा फलक रंगविण्याचा खर्च!

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने यावर एक साधा उपाय योजिलेला आहे. एखादा खेळाडू कराराची मुदत चालू असता मोबदला देऊन एका संघातून दुसऱ्यात नेला, तर त्या मोबदल्यातले पाच टक्के बाजूस काढावयाचे आणि त्या खेळाडूच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या संघांनी त्यास तयार केले त्यांच्यात वाटावयाचे, असा तो नियम आहे. आपल्याकडील लिलावांत खेळाडूच्या वाट्यातून काहीही न कापता, मालकाने बोलीवर पाच टक्के अधिक घालावे आणि ते शाळा, मंडळ व महाविद्यालय यांस जावे, असे का होऊ नये? पवन सेहरावत याच्या बोलीचे पाच टक्के म्हणजे १३ लाखांहून थोडे अधिक होतात. २०१४ च्या लिलावातल्या सर्वांत महाग खेळाडूची संपूर्ण किंमतही एवढी नव्हती! अशा रकमेतून एखाद्या मंडळास चटई, दिवे, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि एका प्रशिक्षकाचे काही वर्षांचे मानधन, एवढे सहज होईल. आमच्या मते संघटनांनी हा नियम करावा, आणि तो करावयास भाग पाडण्याचे काम आम्हां प्रेक्षकांचे आहे. कारण हा सारा पैसा अखेर आमच्या डोळ्यांच्या बळावर उभा आहे.

येथे कोणी म्हणेल की मग अमेरिकेसारखे महाविद्यालयांनाच व्यावसायिक का करू नये? ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत त्यांस तेथील थाट ठाऊक असतो. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मैदानात एक लाख सात हजारांहून अधिक माणसे बसतात. तेथील विद्यार्थी-खेळाडूंस अनेक दशके शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मनाई होती, आणि त्यांच्या जिवावर विद्यापीठे व वाहिन्या मात्र गब्बर होत होत्या. हा अन्याय २०२१ पासून कमी होऊ लागला. ६ जून २०२५ रोजी तेथील न्यायालयाने एका तडजोडीस मान्यता दिली. तदनुसार २०२५-२६ या वर्षात प्रत्येक महाविद्यालयास आपल्या खेळाडूंस सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट देता येऊ लागली. न्याय झाला, हे खरे. परंतु त्याबरोबरच विद्यार्थी अधिक मोबदल्यासाठी दरवर्षी महाविद्यालय बदलू लागले आहेत. आणि जे खेळ गर्दी खेचत नाहीत, पोहणे, धावणे, कुस्ती, त्यांच्या भवितव्याची तेथे चिंता चालू आहे. लाख माणसांच्या मैदानाचा मोह आम्हांसही पडतो. तथापि बाजाराने महाविद्यालयात येऊन ऋण फेडावे, घर बांधून राहू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

बाजारास महाविद्यालयाची गरजही आता पूर्वीइतकी उरलेली नाही. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बिहारच्या वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलास राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांस घेतले, आणि २८ एप्रिल २०२५ रोजी चौदा वर्षांच्या त्या पोराने ३५ चेंडूंत शतक झळकावून सर्वांस गप्प केले. महाविद्यालय तर दूरच, त्याची शाळाही संपलेली नव्हती. असे अलौकिक मूल आपली वाट आपण काढते. मग महाविद्यालयीन खेळ कोणासाठी? आमचे उत्तर असे की, तो उरलेल्या साऱ्यांसाठी आहे. प्रो-कबड्डीत बारा संघ आहेत. प्रत्येकात फार तर पंचवीस खेळाडू. म्हणजे अवघ्या देशासाठी तीनशे जागा, त्यांतही काही परदेशीयांच्या. एकट्या रायगड जिल्ह्यात सायंकाळी अंगणात दम धरणारी मुले याहून कितीतरी अधिक असतील. त्या तीनशेंत ज्यांचा क्रमांक लागणार नाही, त्यांच्या खेळास काही अर्थ आहे की नाही, या एका प्रश्नावर महाविद्यालयाची परीक्षा होते.

या परीक्षेत आमची महाविद्यालये फारशी चमकत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कित्येक ठिकाणी खेळाडू हजेरीपटावर असतो, वर्गात नसतो; करंडकासाठी त्यास प्रवेश द्यावयाचा आणि तीन वर्षांनी रिकाम्या हाताने निरोप द्यावयाचा. कित्येक ठिकाणी मैदान हा शब्द केवळ माहितीपुस्तिकेत आढळतो. राज्य शासनाने गुणवंत खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखून ठेविल्या. तेव्हा बनावट क्रीडा-प्रमाणपत्रे काढणारे निपजले आणि त्यांची प्रकरणे उघडकीस आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर हा भेद असू नये असे उच्च स्वराने सांगितले आहे. धोरण उत्तम आहे; परंतु अकरावीच्या वेळापत्रकात सात ते पाच अभ्यास लिहिलेला असता ते धोरण बिचारे कोठे उभे राहणार?

आमच्या गावाविषयीही एक शब्द. पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाले. तालुक्यात विमानतळ होऊन २०२५ च्या डिसेंबरात विमाने उडू लागली. इमारतींचे मजले वाढले, रस्ते वाढले. मोकळ्या जागा मात्र वाढवू म्हणून वाढत नाहीत. ज्या महाविद्यालयाजवळ आज मैदान आहे, त्याने ते डोळ्यांत तेल घालून जपावे. आमच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत अंग कमावले, आणि महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी आपल्या संस्थापकांत त्यांचे नाव अभिमानाने घेते. तालीम आणि शाळा या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे पनवेल तालुक्यास तरी निराळे सांगावयास नको.

आता त्या वाचकभगिनीस उत्तर. खो-खोत मुलीस पुढे ‘काही’ आहे काय? १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्याचे नियम बांधिले त्या या आपल्या खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नायकत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. हा मान मोठा आहे. पैशाचे विचाराल तर अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक स्पर्धेच्या २०२२ आणि २०२३-२४ च्या दोन्ही हंगामांत संघ पुरुषांचेच होते. तेव्हा लिलावाकडे डोळे लावून मुलीस खेळवावे, असा सल्ला आम्ही देणार नाही.

परंतु लिलाव आणि शून्य यांच्या मध्ये एक मोठा प्रांत आहे, तो दृष्टीआड होऊ नये. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्रास दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून देणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला नेमबाजीत जिंकला, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रेल्वे, बँका, पोलीस, आयकर अशा खात्यांनी आपल्याकडे कित्येक पिढ्या खेळाडू पोसले. वाडेकरही स्टेट बँकेतच होते. स्मृती मानधना हिने सांगलीच्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयात नाव घातले होते. खेळ आणि पुस्तक यांची सांगड घालून चालणारी माणसे आजही आहेत, आणि त्यांत मुली आहेत.

तरीही आमच्या सल्ल्याचे मूळ या उदाहरणांत नाही. समजा, मुलगी कोठेही निवडली गेली नाही. तरी तिने खेळावे. सोळाव्या वर्षी खेळ ‘दोन वर्षांसाठी’ सोडणाऱ्या मुली आम्ही मैदानाच्या कडेवरून पुष्कळ पाहिल्या. परत आलेल्या फार थोड्या पाहिल्या. मुलग्यास निदान गल्लीत क्रिकेट उरते. मुलीस तेही उरत नाही. बारावीनंतर पदवी, मग नोकरी, मग लग्न, अशी एकेक कारणे रांगेत उभी असतात. धावण्याची सवय, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्याची सवय, पाठीवर ‘खो’ मिळताच क्षणात उठून दुसऱ्याचे काम आपल्या अंगावर घेण्याची सवय, या कोणत्याही शिकवणीवर्गात मिळत नाहीत, आणि त्यांचा उपयोग रुग्णालयात, प्रयोगशाळेत, संसारात, सर्वत्र होतो.

म्हणून आमचे सांगणे असे. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयास गुणांची यादी विचारता, तसेच चार प्रश्न आणखी विचारा : मैदान आहे काय? पूर्ण वेळचे क्रीडाशिक्षक आहेत काय? मुलींचा संघ गेल्या वर्षी स्पर्धेत उतरला होता काय? सामन्यासाठी गैरहजर राहिल्यास हजेरीची सवलत मिळते काय? या चारही प्रश्नांस नकार मिळाला तर दुसरे महाविद्यालय पाहा. पनवेलात पर्याय आहेत. तसे न जमल्यास मुलीचे जुने मंडळ सोडवू नका. आठवड्यातून तीन सायंकाळी तरी तिला पाठवा. परीक्षेच्या तीन महिन्यांत सराव निम्मा करा. बंद करू नका. मुलीच्या वडिलांस आमचा नमस्कार सांगा. त्यांची काळजी आम्हांस समजते, कारण या स्पर्धेच्या दिवसांत एकेक गुण मोलाचा झाला आहे. परंतु दहा तास बसून वाचणारे मूल आठ तास वाचून दीड तास धावणाऱ्या मुलापेक्षा पुढे जातेच, असा नियम आम्हांस तरी आढळलेला नाही. आणि सासूबाईंस सांगा की त्यांचे म्हणणे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

राहता राहिले आम्ही प्रेक्षक. कोटींच्या बोली ऐकण्यास आम्ही मध्यरात्रीपर्यंत जागतो, आणि हाकेच्या अंतरावरील सामन्यास जात नाही. प्राचार्य खर्डेकरांसारखे घर गहाण टाकणे सर्वांस साधणार नाही. एक सायंकाळ देणे मात्र कोणासही साधेल. पावसाळा सरत आला की महाविद्यालयांचे सामने सुरू होतात. तिकीट लागत नाही, रांग नसते, जागा हवी तेथे मिळते. घरातल्या आजींस बरोबर न्यावे, मुलांस न्यावे. पाण्याची बाटली आणि बसावयास एखादी सतरंजी घेतली म्हणजे झाले. खेळणाऱ्या पोरांची नावे विचारून घ्यावीत आणि त्या नावांनी त्यांस हाका माराव्यात. वृत्तपत्रात ती नावे छापून येतील तेव्हा येतील; निदान मैदानावर तरी ती कोणाच्या तोंडी असू द्यावीत.